घरच्या रीफ टँकमध्ये एंजल सोडताय? आधी या चुका टाळा

रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, कोरलबरोबर एंजल (समुद्री एंजलफिश) ठेवायचाय असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला, टँक किती महिन्यांचा झाला? किती लिटरचा ते मग बघू. कारण एंजल हा दिवसभर चरणारा मासा आहे. सकाळी लाइट लागला की जो दगडांवर टोचत फिरायला लागतो तो लाइट बंद होईपर्यंत, शेवाळ, स्पंज, बारीकसारीक जे काय सापडेल ते, आणि दगडावर काहीच नसेल तर तो कोरलकडे वळणारच. एंजलने कोरल खाल्लं अशी तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा बहुतेक वेळा टँक नवा असतो नाहीतर मासा उपाशी असतो.

पाण्यातला अमोनिया (माशांच्या घाणीतून तयार होणारं विष) शून्य आला म्हणजे टँक तयार झाला असं समजू नका. क्लाउनफिशला तेवढं पुरतं, एंजलला नाही. दगडांवर शेवाळ बसून, सावलीच्या बाजूला स्पंज दिसायला लागेपर्यंत सहा-आठ महिने जातात. आपल्याकडे गोव्यात त्याहून जास्त, कारण आपण बनवलेल्या किंवा कोरड्या दगडावर सुरुवात करतो. ग्रँड आयलंडला स्कूबाला गेलो की एखादा तुकडा उचलून आणू असं काहींच्या डोक्यात असतं, ते कृपया काढून टाका. दगड बनवणारी सगळी प्रवाळं १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. दुकानातून कोरल घेतानाही ते कुठून आलं ते विचारा, कागद मागा.

पिल्लू बघून भुलू नका

एम्परर एंजलचं पिल्लू गडद निळं, अंगावर पांढऱ्या गोल रिंगा, तीन इंचाचं, बघितल्यावर कोणालाही घ्यावंसं वाटतं. तोच मासा पुढे ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, रिंगा जाऊन पिवळे पट्टे येतात, आणि चार फुटी टँकमध्ये त्याला धड वळता येत नाही. घरच्या रीफला कोरल ब्यूटी किंवा फ्लेम एंजलसारखे बुटके एंजल बरे, साधारण १० सेंटिमीटरचे, त्यांना अडीच-तीनशे लिटर आणि लपायला भरपूर कपारी द्या. मोठा टँक असेल आणि कोरलची काळजी जास्त असेल तर स्वॉलोटेल जातीचे एंजल बघा, ते दगड टोचत बसण्यापेक्षा मोकळ्या पाण्यातलं प्लँक्टन खातात म्हणून कोरलला सहसा हात लावत नाहीत.

दुकानात मासा तुमच्यासमोर खातो का ते बघा, एकदा नाही, दोन वेगवेगळ्या दिवशी. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात सायनाइड मारून मासे पकडण्याचे प्रकार खूप झालेत, असा मासा दिसायला टवटवीत असू शकतो आणि घरी आणल्यावर काही आठवड्यांत जातो. न खाणारा मासा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका.

पिशवी आणि क्वारंटाइन

आपल्याकडे बरेच मासे मुंबईहून रात्रीच्या बसने येतात, बारा-चौदा तास पिशवीत. इथे एक चूक अगदी अनुभवी लोकही करतात, पिशवी उघडून दोन तास ड्रिप लावतात, म्हणजे टँकचं पाणी थेंब थेंब पिशवीत सोडतात. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली गेलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा विषारी नसतो, पण पिशवी उघडली की पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया माशाला जाळतो. म्हणून दुकानदाराला सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) आधीच विचारून क्वारंटाइन टँक, म्हणजे नवा मासा आधी वेगळा ठेवायचा टँक, तेवढ्यावर ठेवा, पिशवी न उघडता तापमान जुळवा, मग उघडून मासा लगेच सोडा, आणि पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

क्वारंटाइन न करण्याची चूक मी केलीय. गणपतीच्या आदल्या आठवड्यात घरात गडबड होती म्हणून कोरल ब्यूटी थेट मुख्य टँकमध्ये सोडला. नवव्या दिवशी परांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले, दोन दिवसांत गेले, मला वाटलं बरा झाला. आठवडाभरात ठिपके परत आले ते सगळ्यांवर, आणि चार वर्षं सांभाळलेली क्लाउनची जोडी गेली. ठिपके गेले म्हणजे इच (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) गेला असं नसतं, तो परजीवी अंगावरून गळून खाली वाळूत-दगडावर वाढतो आणि तिथून शेकड्यांनी परत येतो. मुख्य टँकमध्ये कॉपर (तांब्याचं औषध) टाकता येत नाही, कोरल आणि कोळंबी मरतात. मग सगळे मासे बाहेर काढून टँक ७६ दिवस माशांशिवाय ठेवावा लागतो. क्वारंटाइनमध्ये कॉपर देताना बुटक्या एंजलना ते सहजी झेपत नाही हे लक्षात ठेवा, चार-पाच दिवसांत हळूहळू डोस वाढवा आणि टेस्ट किटशिवाय हात घालू नका.

डोळे दुधाळ झालेत, मासा अंग घासतोय पण ठिपके नाहीत, तर फ्लूक (अंगाला चिकटणारे बारीक चपटे कृमी) असू शकतात. गोड्या पाण्यात पाच मिनिटांची बुडी द्या, क्लोरिन नसलेलं पाणी, तापमान आणि पीएच टँकएवढा, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू. काळी बादली घ्या. खाऱ्या पाण्यात असताना फ्लूक पारदर्शक असतात, माशावर दिसतच नाहीत, गोड्या पाण्यात पांढरे पडून गळतात आणि काळ्या तळावर तीळ सांडल्यासारखे दिसतात. तसं दिसलं तर पुढे प्राझिक्वांटेल या कृमींवरच्या औषधाचा कोर्स करा, नुसत्या बुडीवर थांबू नका.

खाणं

दिवसातून एकदा चिमूटभर पेलेट्स हे एंजलचं खाणं नव्हे. थोडं थोडं तीन-चार वेळा द्या, मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), स्पिरुलिना, स्पंज असलेलं फ्रोझन फूड, आणि दगडाला रबर लावून नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा, दिवसभर टोचत राहील. पाण्यात नायट्रेट थोडा वाढेल, त्यासाठी स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) चांगला ठेवा पण मासा उपाशी ठेवून नायट्रेट उतरवू नका.

नवा मासा काहीच खात नसेल तर आपल्याकडे सोन्यासारखा उपाय आहे, तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले. म्हापशाच्या नाहीतर मडगावच्या बाजारातून ताज्या आणा, धुऊन दोन-तीन दिवस फ्रीझरला ठेवा, मग अर्धी शिंपी मांसासकट दगडाला टेकवून ठेवा. माझा फ्लेम पाच दिवस तोंडाला काही लावत नव्हता. सहाव्या दिवशी शिंपी ठेवून मी लांब जाऊन बसलो, तो कपारीतून अर्धा बाहेर आला, एक डोळा शिंपीवर, परत आत, असं तीन-चारदा, आणि मग एक टोच. संध्याकाळपर्यंत शिंपी आतून चाटून पुसून साफ. उरलेलं मांस मात्र काही तासांत काढा, पाणी नासतं.

आपली हवा, आपलं पाणी

मिरामारला कॅन भरून समुद्राचं पाणी आणणारे आहेत, पावसाळ्यात तर अजिबात नको, मांडवी-जुवारीचं लाल गढूळ पाणी समुद्रात उतरलेलं असतं, मीठ कमी झालेलं. आरओ पाणी आणि सिंथेटिक मीठच वापरा, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (पाण्याची सापेक्ष घनता) १.०२५ ठेवा. मे महिन्यात पंख्यावर भरवसा ठेवू नका, पंखा पाण्याची वाफ करून गारवा देतो आणि आपल्या दमट हवेत वाफच नीट होत नाही, चिलर लागतोच. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) इन्व्हर्टरवर हवा, लाइट गेला तरी चालेल, पाणी हललं पाहिजे.

एक टँक, एक बुटका एंजल. दोन ठेवले की मारामारी. आणि एंजल सगळ्यात शेवटी सोडा, आधी सोडला तर तो टँकचा मालक होतो.

कोरल टोचायला लागला तर

लगेच घाबरू नका. नव्या कोरलला एखादी टोच मारून बघणं वेगळं, रोज त्याच कोरलवर परत परत जाणं वेगळं. कोरल दोन-तीन तासांत परत उघडत असेल तर फक्त खाणं वाढवा. दोन आठवडे नीट खायला देऊनही कोरल दिवसभर मिटलेलंच राहात असेल, विशेषतः मांसल एलपीएस (मोठ्या पॉलिपचं कठीण कोरल) किंवा जायंट क्लॅमची (मोठ्या शिंपल्याची) किनार कुरतडलेली असेल, तर मासा काढावा लागेल. जाळीने पकडू नका, एंजलच्या गालाला काटा असतो, तो जाळीत अडकून जखम होते. ॲक्रिलिकचा पारदर्शक डबा ठेवा, दाराला दोरा बांधा, आत अर्धी तिसरी ठेवा आणि तीन दिवस दार उघडंच राहू द्या. तो बिनधास्त आत जाऊन खायला लागला की चौथ्या दिवशी दोरा सोडा, आणि पाण्यासकट डबा उचलून तसाच दुसऱ्या टँकमध्ये रिकामा करा.