पॉलीहाऊसवरचा पांढरा थर पावसाच्या आत उतरवा

मे संपत आला, ढग जमायला लागले आणि कितीतरी पॉलीहाऊसच्या कागदावर, म्हणजे प्लॅस्टिकच्या आच्छादनावर, ऊन अडवायला उन्हाळ्यात मारलेला खडूचा थर अजून तसाच आहे. पाऊस धुऊन काढेल की, असं सगळे म्हणतात. नाही काढत! थर टिकावा म्हणून आपणच त्यात डिंक घातलेला असतो, पहिल्या सरीने फक्त ओघळ पडतात. मग जूनमध्ये ढोबळी मिरचीची फुलं गळतात, शेंडे लांबतात, पेऱ्यांतलं अंतर वाढतं आणि शेतकरी बोरॉन नि टॉनिकच्या बाटल्या आणत बसतो. अहो, झाडाला खायला कमी नाहीये, उजेड कमी पडतोय.

उजेड मोजतात लक्समध्ये; भर उन्हात बाहेर लाखभर लक्स असतो, दाट ढगात 15-20 हजार किंवा त्याहून खाली येतो. ढोबळीची शिफारस 50 ते 60 हजारांची, म्हणजे ढगातच तूट आहे आणि वर तुमचा थर. मोबाईलवरचं लक्स ॲप ढोबळ आकडा देतं पण आत-बाहेरचा फरक कळायला पुरे. माझा अंदाज असा की उघाडीच्या दिवशी दुपारी आत स्वतःची सावली नीट दिसली नाही तर समजायचं उशीर झालाय.

साधं पाणी, मऊ नायलॉन ब्रश, सकाळची वेळ. तारेचा ब्रश किंवा ॲसिड अजिबात नको. पश्चिमेकडची पट्टी मी आठेक दिवस उशिरा धुवायला सांगतो, पहिल्या पावसानंतरचं ऊन फार चटका देतं, हे कुठल्या पुस्तकात नाही.

आता नॅनो कोटिंगवाले फिरतायत, ऊन वाढलं की आपोआप उष्णता अडवणारं. यातलं नावाजलेलं व्हॅनेडियम डायऑक्साइड, ते शुद्ध असेल तर साधारण 68 अंश सेल्सिअसला बदलतं, म्हणजे उष्णता अडवायला लागतं, आपला कागद एवढा तापतो का? टंगस्टन मिसळून तो आकडा खाली आणता येतो, पण मग किती अंशाला बदलतं आणि थंड असताना किती उजेड आत सोडतं याचा लेखी रिपोर्ट मागा. रिपोर्ट नाही तर पैसे नाहीत. शेडनेट सरकवायला फुकट आहे.

बाकीची कामं:
- फाटका कागद टेप करणं
- कागद धरून ठेवणाऱ्या झिगझॅग स्प्रिंगा तपासणं
- गटर साफ
- चर मोकळे
- ढगाळ दिवशी फॉगर (धुक्यासारखं पाणी फवारणारे) बंद

आणि धुण्याआधी गटरचा पाइप शेततळ्यातून काढा, नाहीतर तो सगळा खडू तळ्याच्या पाण्यातून ठिबकच्या ड्रिपरमध्ये जाऊन बसेल.