सांगलीत दहा मिनिटांची स्लॅशर शॉर्टफिल्म करायचीय? आधी हे ठरवा

स्लॅशर म्हणजे एक खुनी एकेकाला गाठून मारत जातो तसला भयपट. त्यात खुनी नंतर, आधी जुनं पाप ठरवा, कारण स्लॅशरमधला खुनी बहुतेकदा कसलातरी जुना हिशोब चुकता करायला आलेला असतो आणि तो एका वाक्यात सांगता आला पाहिजे. मग जागा. हरिपूरची हळदीची पेवं बघा, जमिनीखालचं कोठार, वर अरुंद तोंड, आत मिट्ट काळोख, यापेक्षा भारी काय पाहिजे? पण खऱ्या पेवात कुणालाही उतरवू नका, आत ऑक्सिजन कमी असतो, जीव जाऊ शकतो. फक्त तोंड शूट करा, आतलं सगळं खोलीत काळे पडदे लावून.

चार मित्र, तीन खून, शेवटी एक मुलगी उरते, तिला पहिल्यापासून सावध दाखवा म्हणजे तिचं वाचणं पटतं. खुन्याचा चेहरा झाकलेला, हत्यार एकच, ऊसतोडीचा कोयता, तोही फोमचा. पहिला खून त्याच्याच नजरेतून घ्या, १९७८ च्या ‘हॅलोविन’ सिनेमाची सुरुवात तशीच आहे. कॅमेरा हातात धरून उसाच्या सरीतून हळू चाला आणि पाचटाचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा, खरी भीती तिथंच आहे. रक्ताला काकवीत खायचा लाल रंग. मेलेला खुनी एकदा तरी उठलाच पाहिजे.

आणि शेतमालकाला, पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवा, रात्री मास्क घातलेला कोयतेवाला दिसला तर गाव काठ्या घेऊनच येईल.