तुरुंगातल्या आपल्या माणसाला पत्र लिहिताना

घरातले कोणी तुरुंगात गेले की पहिले काही आठवडे वकील, जामीन आणि कोर्टाच्या तारखा यांतच निघून जातात आणि पत्र लिहायचे राहून जाते. ते राहू देऊ नये. फोन ठरल्या मिनिटाला तुटतो, मुलाखतीच्या वेळी आजूबाजूच्या गलक्यात निम्मे बोलणे ऐकूच येत नाही. पत्र मात्र रात्री पुन्हा काढून वाचता येते.

लिहायला बसण्यापूर्वी त्या तुरुंगाचे नियम विचारून घ्यावेत, कारण ते सगळीकडे सारखे नसतात. कैद्याचे नाव तुरुंगाच्या नोंदीत जसे आहे तसेच पूर्ण लिहावे, त्याखाली त्याचा क्रमांक लिहावा आणि पाठवणाऱ्याचे नाव व पत्ता कधीही गाळू नये. स्टिकर, चमकी, डिंकाने चिकटवलेली चित्रे, अत्तराचा फाया किंवा स्टेपलची पिन एवढ्यावरूनही अनेक ठिकाणी पत्र अडवले जाते. पाकिटात रोख पैसे तर मुळीच ठेवू नयेत. काही तुरुंगांत मूळ कागद कैद्याच्या हाती न देता त्याची स्कॅन केलेली प्रत दिली जाते. तिथे गडद शाईने, कागदाच्या एकाच बाजूला आणि दोन्हीकडे समास सोडून लिहिलेलेच नीट वाचता येते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तुमचे पत्र तुरुंगाचे कर्मचारी उघडून वाचणार आणि वेळ आली तर ते खटल्यातही पुढे येऊ शकते, हे गृहीत धरूनच लिहावे. त्यामुळे घटना, साक्षीदार, तक्रारदार किंवा वकिलांनी सुचवलेली दिशा यांबद्दल त्यात एक अक्षरही असू नये. “मी त्यांच्याकडे जाऊन बोलून बघतो” हे वाक्य तुम्ही भाबडेपणाने लिहाल, पण वाचणाऱ्याला त्यात साक्षीदारावरचा दबाव दिसू शकतो. सांकेतिक भाषा वापरण्याचा मोह तर त्याहून वाईट, कारण तिने निरागस मजकूरही संशयास्पद ठरतो. खटल्याबद्दलचे सगळे वकिलामार्फतच जावे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१५ साली स्वीकारलेले कैद्यांच्या वागणुकीविषयीचे किमान निकष, ज्यांना ‘नेल्सन मंडेला नियम’ म्हणतात, तेही वकिलाशी होणारा संवाद गोपनीय असावा असेच सांगतात. घरच्या पत्रांना तसे संरक्षण नसते.

मग लिहायचे काय? माझा थोरला भाऊ आत असताना माझी पहिली पत्रे उपदेशाने आणि ‘धीर धर’ने भरलेली होती. एका मुलाखतीत तो म्हणाला, “धीर धर असं सगळेच लिहितात रे. मागच्या दाराची कडी बसवली का, ते का लिहीत नाहीस?” त्यानंतरचे पत्र असे गेले: “मागच्या दाराची कडी शेवटी बसवली. जुन्या स्क्रूंची भोके सैल झाली होती, म्हणून त्यांत काड्यापेटीच्या काड्या ठोकल्या आणि नवे स्क्रू पिळले. धाकटीचा पुढचा दात पडला. ती आता ‘स’ म्हणताना शीळ घालते. तुझी सायकल विकायची की ठेवायची, ते तू ठरव.” आपल्याला क्षुल्लक वाटणाऱ्या असल्या तपशिलांतून घर त्याच्या डोळ्यांपुढे चालू राहते, आणि सायकलचा निर्णय त्याच्यावर सोपवला की घरात त्याचा शब्द अजून चालतो हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याचे पत्र समोर उघडे ठेवून, त्याने विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यावे. आत बसलेला माणूस सुटलेला एक प्रश्न आठवडाभर उगाळत बसतो.

लांबलचक पत्रापेक्षा नेमाने येणारे पत्र अधिक मोलाचे असते. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात १९६४ साली जन्मठेप भोगायला आलेल्या नेल्सन मंडेलांना सुरुवातीला सहा महिन्यांतून एकच पत्र आणि तेही ५०० शब्दांचेच मिळू शकत असे. तुमच्यावर तशी मर्यादा नसली तरी रोज लिहिण्याचे वचन देऊन महिन्याभरात गप्प होण्यापेक्षा पंधरा दिवसांतून एक वार ठरवून तो पाळावा. प्रत्येक पत्रावर तारखेबरोबर अनुक्रमांकही टाकावा, म्हणजे सातवे मिळाले आणि सहावे मिळाले नाही हे दोघांनाही कळते. त्याच्याकडून उत्तर आले नाही म्हणून टोमणा मारू नये. कधी कागद नसतो, कधी पत्र तपासणीत पडून असते, आणि कधी लिहिण्याजोगे मनच नसते.

वाईट बातमी पहिल्यांदा पत्रातून कळवू नये. मृत्यू किंवा गंभीर आजारपण असेल तर फोनवर, मुलाखतीत किंवा तुरुंगाच्या अधिकाऱ्यांमार्फत ते आधी त्याच्या कानावर घालावे आणि मग पत्रातून सविस्तर लिहावे. लपवून मात्र ठेवू नये. दुसऱ्या कोणाकडून कळले की तुमच्या पुढच्या प्रत्येक पत्रावरचा त्याचा विश्वास उडतो. पैशांच्या अडचणी सांगताना त्यावर आपण काय केले तेही त्याच पत्रात असावे, कारण तिथून त्याला काहीच करता येत नाही.

मुलांना ‘बाबा कामासाठी बाहेरगावी गेले आहेत’ असे सांगणे मला पटत नाही, कारण ते खोटे उघडे पाडणारे कोणीतरी शाळेत भेटतेच. वयाला झेपेल एवढे खरे सांगावे आणि मग मुलांना स्वतःचा वेगळा कागद द्यावा. त्यातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करू नये. चित्राच्या मागे नाव आणि तारीख तेवढी घालावी.

तुमचा राग असू शकतो, आणि तो असायला पुरेसे कारणही असू शकते. रागाने लिहिलेले पत्र रात्रभर टेबलावर ठेवावे आणि सकाळी पुन्हा वाचून पाठवायचे की नाही ते ठरवावे. मी दोन पाठवली आणि चार फाडली.

एखादे पत्र परत आलेच तर पाकीट फेकू नये, त्यावरचा शेरा वाचावा. बहुतेक वेळा नियम मोडलेला असतो किंवा कैद्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलेले असते. मंडेला नियमांनुसार बदलीची माहिती घरच्यांना ताबडतोब कळवण्याची मुभा कैद्याला असायला हवी, पण प्रत्यक्षात ती उशिरा पोचू शकते, म्हणून तुरुंगात फोन करून नवे ठिकाण आणि नवा क्रमांक विचारून घ्यावा. बदलीमुळे परत आलेले पत्र न उघडता नव्या पाकिटात घालावे आणि त्याचा जुना अनुक्रमांक तसाच ठेवावा.