अर्ली डिसिजनचा अर्ज भरण्यापूर्वी

अमेरिकेतील निवडक खासगी विद्यापीठांत अर्ली डिसिजन या लवकर प्रवेशाच्या पद्धतीने अर्ज करणे म्हणजे प्रवेश मिळाल्यास तेथेच जाण्याचे वचन देणे होय. म्हणून साधारणतः १ नोव्हेंबरला संपणाऱ्या मुदतीपूर्वी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये (मदत वजा जाता होणाऱ्या खर्चाचा अंदाज देणाऱ्या गणकयंत्रात) घरचे खरे उत्पन्न भरून आपल्यावर किती भार पडेल, हे पाहावे. (भारतातून अर्ज करणाऱ्यांना हे आकडे बहुधा लागू पडत नाहीत.) अर्ली डिसिजनचा मार्ग सधन कुटुंबांना अधिक सोयीचा आहे, कारण नियमित अर्जांवर मार्चअखेर येणाऱ्या आर्थिक मदतीच्या प्रस्तावांची तुलना करण्याची त्यांना गरज नसते. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी याच विषमतेचे कारण देऊन २००६ मध्ये लवकर प्रवेश बंद करण्याची घोषणा केली होती. २०११ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. मदतीवर अवलंबून असलेल्यांनी हार्वर्ड किंवा येलच्या, बंधन न घालणाऱ्या अर्ली ॲक्शनचा विचार करावा. मात्र तेव्हा इतर खासगी विद्यापीठांत लवकर अर्ज करता येत नाही. अर्ली डिसिजनने प्रवेश मिळूनही मदत खरोखरच अपुरी ठरली, तर आधी फेरविचाराची लेखी विनंती करावी आणि तीही निष्फळ ठरल्यास वचनातून मुक्तता मागावी. तोवर इतरत्र करायचे अर्ज तयार ठेवावेत, कारण बहुतेक ठिकाणची नियमित मुदत जानेवारीच्या आरंभीच संपते.