निसर्गचित्रांच्या छोट्या प्रदर्शनाच्या ओपनिंगला जाताय?

शक्य असेल तर दिलेल्या वेळेच्या थोडं आधीच पोचा, कारण एकदा भाषणं, फोटो आणि चहापाणी सुरू झालं की भिंतीपेक्षा लोकांच्या पाठीच जास्त दिसतात. आधी एक फेरी नुसती मारायची, कुठेही न थांबता, आणि जे चित्र डोक्यात राहिलं त्याच्याकडे परत यायचं. मग साधारण चित्राच्या कर्णाच्या दीडदोन पट अंतरावर उभं राहून बघा, लांबचे डोंगर फिकट निळसर का केलेत, उजेड कुठून येतोय, ते तिथून कळतं, आणि नंतर अगदी जवळ जा (हात मात्र मागे!) म्हणजे तैलरंगाचे जाड थर, ब्रशचे फटकारे दिसतील. जलरंग बहुतेक काचेमागे असतात, दिवा चमकत असेल तर थोडं बाजूला सरका.

चित्रकार तिथेच असतो हा ओपनिंगचा खरा फायदा. ‘छान आहे’ म्हणून सटकू नका, जागेवर बसून रंगवलं की फोटोवरून स्टुडिओत, उजेड बदलत गेला तेव्हा काय केलं, असं काहीतरी विचारा, बोलायला लागतात लोक. पण घोळका असेल तर दोन मिनिटांत आवरतं घ्या.

लेबलजवळ लाल टिकली म्हणजे बहुतेक वेळा चित्र विकलं गेलंय. किंमत लिहिलेली नसेल तर यादी मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि विचारलं म्हणजे घ्यायलाच पाहिजे असंही नाही. फोटो विचारून, फ्लॅश बंद करूनच काढा.