आधी वही, मग फोल्डर: कला महाविद्यालयाच्या प्रवेशाची तयारी

बारावीनंतर चित्रकलेला जायचं ठरवलेली मुलं बहुतेक वेळा मार्चची परीक्षा संपल्यावर माझ्याकडे येतात. काखेत कागदांची गुंडाळी असते आणि प्रश्न ठरलेला असतो: "सर, यातली कुठली लावू?" तेव्हा हाताशी जेमतेम काही आठवडे उरलेले असतात. म्हणून हे सगळं दिवाळीच्या सुट्टीत वाच आणि त्याच आठवड्यात कामाला लाग.

पहिलं काम कागदावरचं नाही, माहितीचं आहे. तुला कुठं जायचंय आणि तिथं काय मागतात, हे त्या संस्थेच्या त्या वर्षीच्या प्रवेश पुस्तिकेतून स्वतः वाचून काढ. मागच्या वर्षी गेलेल्या दादा-ताईच्या आठवणीवर विसंबू नकोस, कारण नियम बदलतात. कला महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी आपल्या राज्यात होणाऱ्या एएसी सीईटी या परीक्षेत वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान यांचे पेपर असतात. तिथं ठरलेल्या वेळात हात किती चालतो ते दिसतं. मुलाखत असेल तिथं तुझी आधीची निवडक कामं एका फोल्डरमध्ये घालून समोर मांडावी लागतात. परदेशात अर्ज केला तर बहुतेक ठिकाणी ती फोटो काढून पाठवायची असतात. अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन १२ ते २० कामं मागतं. हा आकडा लक्षात ठेव. १५ चांगली कामं हवी असतील तर ६०-७० कागद रंगवावे लागतात, कारण निवडायला काहीतरी असावं लागतं.

आता वही. ए-फोर मापाची, जाड पानांची, रेघा नसलेली एक वही घे. पाच-सहा महिन्यांत अशा दोन भरायच्या. रोज निदान तीन पानं, आणि सगळी समोर बघून. एसटी स्टँडवर बाकावर झोपलेला माणूस, दळप घेऊन उभ्या बायका, भाकरी थापणाऱ्या आईचे नुसते हात. माणसं हलतात म्हणून तक्रार करू नकोस. हलणाऱ्या माणसाला दोन मिनिटांत पकडताना डोळा जे शिकतो, ते खुर्चीत बसवलेल्या आजोबांना तासभर काढताना शिकत नाही. आजोबांनाही काढ, पण आधी स्टँड.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण आपल्याकडच्या मुलांची खरी अडचण इथंच आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी आपण स्मरणचित्रं घोटून घेतो. फुगेवाला, भाजी मंडई, बैलगाडी. दोन बायका, एक मूल, मागं झाड. आकृत्या पाठ झालेल्या असतात आणि ग्रेडही छान येते. त्या परीक्षांनी खेड्यापाड्यातल्या हजारो मुलांच्या हातात ब्रश दिला, हे मी विसरत नाही. माझ्याही हातात त्यांनीच दिला. पण फोल्डरमध्ये ती पाठ केलेली बाई आली की बघणाऱ्याला लगेच कळतं. तिचं नाक सगळ्यांच्या फोल्डरमध्ये सारखंच असतं. वही भरत गेलीस किंवा भरत गेलास की ती बाई आपोआप गळून पडते, आणि तुझ्या गल्लीतली, एका खांद्यावर जरा जास्त भार देऊन चालणारी बाई कागदावर येते.

हेच फोनवरच्या फोटोंचं. चौकटी आखून उतरवलेलं नटाचं पोर्ट्रेट, पिंटरेस्टवरचा वाघ, एखाद्या प्रसिद्ध चित्राच्या फोटोवरून केलेले शिवाजी महाराज. कष्ट खूप असतात, घरच्यांना अभिमान असतो, आणि ते योग्यच आहे. ती चित्रं घराच्या भिंतीवर लाव. फोल्डरमध्ये नको. फोटोत कॅमेऱ्यानं आधीच निवड केलेली असते आणि मुलाखत घेणाऱ्यांना तुझी निवड बघायची असते.

डिसेंबरपासून एक विषय धरून ठेव. एकच. आमच्याकडची एक मुलगी थंडीभर गुऱ्हाळावर जात होती. सुरुवातीला तिनं लांबून झोपडी आणि धूर काढला. मग काहिलीतली वाफ, मग चुलवणात चिपाड सारणाऱ्या माणसाची पाठ, मग नुसती ढेपांची रांग. कोळसा, जलरंग, शाईची काडी, जे हाती लागेल ते वापरलं. अठरा कागद झाले, त्यातले सहा फोल्डरमध्ये गेले, आणि त्या सहांनीच तिची मुलाखत चालवली. कोल्हापुरात टाउन हॉल संग्रहालयात तिथलेच जुने चित्रकार अबालाल रहिमान यांची चित्रं आहेत, ती जाऊन बघ. रंकाळा आणि कोटीतीर्थ या जवळच्याच जागा त्यांनी पुन्हा पुन्हा काढल्या.

मूळ चित्रं बघणं हाही यादीतला एक मुद्दा आहे आणि तो टाळू नकोस. सातारा जिल्ह्यात औंधला तिथल्या संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं श्री भवानी संग्रहालय १९३८ पासून आहे. तिथं राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं माय-लेकराचं दगडी शिल्पही आहे. एका दिवसात जाऊन येता येतं. वही घेऊन जा, एकाच कामासमोर अर्धा तास बस. आवडता चित्रकार कोण असं मुलाखतीत विचारलं की मुलं पुस्तकातली दोन नावं सांगून गप्प होतात. डोळ्यांनी बघितलेल्या एका चित्राबद्दल तुला पाच वाक्यं बोलता येतील.

साहित्यावर फार खर्च नको. चांगला कार्ट्रिज कागद, एचबी ते ६बी पेन्सिली, कोळसा, पोस्टर कलर, जलरंगाची साधी पेटी, दोन गोल आणि एक चपटा ब्रश. पूर्ण इम्पीरियल कागद २२ बाय ३० इंचांचा असतो. तो कापून अर्धे आणि पाव कागद कर. बहुतेक कामं पाव किंवा अर्ध्या मापावर चालतील, पण दोन-तीन तरी पूर्ण कागदावर कर, म्हणजे मनगट सोडून खांद्यातून रेषा ओढायची सवय होते. शाडूची माती मिळत असेल तर एक-दोन आकार घडव. कोळशाच्या कामावर फिक्सेटिव्हच, म्हणजे कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा, मार. केसांचा स्प्रे स्वस्त पडतो, पण त्यानं कागद पुढं पिवळा पडतो.

फेब्रुवारीत परीक्षेचा अभ्यास कर, वहीला रोजचं एक पान पुरे. परीक्षा संपली की निवड. सगळे कागद ओसरीवर जमिनीवर पसर आणि उभं राहून बघ. कोणत्या चित्राला किती वेळ लागला होता ते मनातून काढून टाक. शंका येते ते चित्र बाजूला ठेव. सर्वांत भक्कम काम पहिलं, त्याच्या खालोखालचं शेवटचं. गुऱ्हाळासारखी मालिका असेल तर ती फोडू नकोस. तयार चित्रांसोबत वहीतली चार-पाच पानंही दाखव, खोडलेली असली तरी चालतील. प्रत्येक कागदाच्या मागं पेन्सिलीनं माध्यम, माप आणि वर्ष लिही.

फोटो सकाळी सावलीत काढ, फ्लॅश बंद. चित्र भिंतीला सरळ टेकव, फोन त्याला समांतर धर, चारही कडा चौकटीत येऊ देत. कागदपत्रं स्कॅन करण्याची ॲप वापरू नकोस. ती कागद पांढराशुभ्र करण्याच्या नादात पेन्सिलीची हलकी छटा पुसून टाकतात. शिल्पाचे फोटो मागं साधी चादर लावून तीन बाजूंनी घे.

अर्जासोबत स्वतःच्या कामाबद्दलचं लेखी निवेदन मागितलं असेल तर ते आधी मराठीत लिही. "मला निसर्गाची आवड आहे" हे वाक्य काढून टाक. त्याऐवजी काहिलीतली वाफ कागदावर पांढरी कशी ठेवली, दोनदा का फसली, ते लिही. मग त्याचं इंग्रजी कर, शिक्षकांकडून तपासून घे, पण शब्द तुझेच राहू देत.

पालकांना एक विनंती. दाखले डिसेंबरमध्येच काढायला टाका: अधिवास, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेयर. मुलाच्या किंवा मुलीच्या चित्रावर मात्र हात फिरवू नका आणि क्लासच्या सरांनाही फिरवू देऊ नका. मुलाखतीत समोर कागद ठेवून काढायला सांगितलं की फरक उघडा पडतो, आणि लाज त्या लेकराला वाटते.

शेवटी बांधाबांध. दोन पुठ्ठे, मधे कापडी पट्टी, तीन बाजूंना नाड्या. बाइंडिंगवाला असा फोल्डर करून देतो. दोन कामांमध्ये बटर पेपर घाल. प्रवेशाचे दिवस जूनच्या आसपास आले तर पाऊस असतो. माझा स्वतःचा फोल्डर मी एसटीच्या टपावर दिला होता आणि घाट उतरेपर्यंत वरची चार जलरंगातली चित्रं वाहून गेली होती. तेव्हा वरून जाड प्लास्टिक गुंडाळ, कडा चिकटपट्टीनं बंद कर आणि फोल्डर मांडीवर घेऊन बस. वही त्यात बांधू नकोस. ती आणि एक ४बी पेन्सिल पिशवीत वरच ठेव, समोरच्या सीटवर कुणीतरी बसलेलं असेलच.