ट्रॅव्हलरमध्ये छोटा इन्व्हर्टर बसवताना: आधी बॅटरीकडची बाजू

साताऱ्याजवळच्या एका बॉडी-बिल्डिंग वर्कशॉपमध्ये मी गाड्यांचं वायरिंग बघते. अलीकडे फोर्स ट्रॅव्हलर घेऊन तिची राहायची गाडी करून घेणारे बरेच लोक येतात आणि इन्व्हर्टर स्वतःच बसवून आणलेलेही असतात. त्यातल्या बहुतेकांनी २३० व्होल्टच्या बाजूची काळजी घेतलेली असते. चांगला सॉकेट, नीट पट्टी, आयएसआय मार्कची वायर, सगळं असतं. आणि १२ व्होल्टच्या बाजूला हाताशी होती ती तार जोडलेली असते, फ्यूज नसतोच. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून ती बाजू निरुपद्रवी वाटते. पण गाडीत आग लागायची भीती जास्त असते ती याच बाजूला.

हिशेब साधा आहे. घरात ६०० वॅटचं काम अडीच-पावणेतीन अँपिअरमध्ये होतं. तेच १२ व्होल्टवर करायचं म्हटलं की ५० अँपिअर लागतात. त्यात इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया जाते आणि लोड आला की बॅटरी ११ व्होल्टच्या आसपास उतरते, म्हणजे प्रत्यक्षात ६० अँपिअर धरून चाला. सिगारेट लायटरच्या सॉकेटला साधारण १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो, त्यामुळे त्यावर लॅपटॉप आणि मोबाइल चार्जर एवढंच ठेवा.

इन्व्हर्टर किती वॅटचा घ्यायचा हे गाडीत कोण राहणार त्यावर ठरवा. माझ्याकडे एक निवृत्त जोडपं आलं होतं. काकांना झोपताना सीपॅप मशीन (श्वासनलिका उघडी राहावी म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं) लागतं. काकूंची यादी बरीच मोठी होती: टीव्ही, मिक्सर, किटली, इंडक्शन. मी किटली आणि इंडक्शन आधी खोडले. दीड-दोन हजार वॅटची ती कामं गॅसवर होतात. मिक्सर ५०० वॅटचा असला तरी सुरू होताना काही क्षण कितीतरी जास्त ओढतो, त्यामुळे तो हवाच असेल तर १००० वॅटच्या खाली जाऊ नका आणि पुढे मी सांगते त्याहून जाड केबल घ्या. काकूंनी खलबत्ता पसंत केला. मग ६०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह (घरच्या लाइनसारखी सुरळीत लहर देणारा) इन्व्हर्टर पुरला. सीपॅप किंवा नेब्युलायझर चालवायचा असेल तर स्वस्तातला मॉडिफाइड साइन वेव्ह (पायऱ्यापायऱ्यांची ओबडधोबड लहर देणारा) घेऊच नका. आणि सीपॅपच्या कंपनीचा डीसी अडॅप्टर मिळत असेल तर तो घ्या, त्याला इन्व्हर्टर लागतच नाही. फ्रिजही १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा घ्या आणि थेट बॅटरीवर टाका.

बॅटरी वेगळीच हवी. इंजिन सुरू करायच्या बॅटरीवर रात्रभर काही चालवलं तर सकाळी गाडी धक्का मारून सुरू करावी लागेल. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी गाडीत ठेवायला माझा विरोध आहे. ती जड असते, घाटात वळणावर ॲसिड सांडू शकतं आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. सीलबंद बॅटरी घ्या, जमलं तर लिथियम आयर्न फॉस्फेट. १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत सुमारे १२८० वॅट-तास असतात. ४० वॅटचं सीपॅप ८ तास चाललं की इन्व्हर्टरमधला तोटा धरून ३७५ वॅट-तास जातात. लीड ॲसिड असेल तर मात्र निम्म्याच्या खाली उतरवू नका, ती लवकर मरते. आधी गाडीची सिस्टिम १२ व्होल्टची आहे की २४ ची तेही पाहून घ्या. मोठ्या ट्रकच्या चासीवर केलेल्या गाड्यांमध्ये २४ असते.

आता जागा. इन्व्हर्टर बॅटरीच्या जितका जवळ तितकं चांगलं, पण बॅटरीच्या बंद पेटीत नाही. गॅस सिलिंडरच्या कप्प्यातही नाही, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो आणि इन्व्हर्टरचा पंखा किंवा रिले ठिणगी टाकू शकतो. चारही बाजूंनी चार बोटं जागा मोकळी सोडा. सीटखाली गोधड्यांच्या शेजारी बसवलेला इन्व्हर्टर उन्हाळ्यात सारखा बंद पडतो.

केबल हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. बॅटरीपासून इन्व्हर्टर दीड मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३ मीटर तांब्याची तार झाली. ४ स्क्वेअर एमएमची तार घातली तर ६० अँपिअरला पाऊण व्होल्ट तारेतच पडतो आणि ती ४०-४५ वॅटने तापत राहते. तीच तार ५ मीटरवर नेली तर अडीच व्होल्ट पडतो आणि बॅटरी भरलेली असूनही इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणून शिट्टी वाजवतो. मग लोक बॅटरी बदलतात. २५ स्क्वेअर एमएमची केबल घातली की दीड मीटरवर जेमतेम ०.१२ व्होल्ट पडतो. बारीक तारांची वेल्डिंग केबल वळवायला सोपी जाते, फक्त ती खरोखर तांब्याची आहे का ते टोक सोलून, खरवडून बघा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल बाजारात भरपूर आहे.

निगेटिव्हसुद्धा तेवढ्याच जाडीची, थेट बॅटरीपर्यंत न्या. हेडलाइटला बॉडीवरून अर्थिंग घेतो तसं इथे घेऊ नका. गंजलेल्या नटातून ६० अँपिअर जाणार नाहीत, नट तापेल. इन्व्हर्टरच्या बॉडीवर अर्थिंगचा स्क्रू असतो, त्याची वेगळी तार चासीला द्या. ती किमान ६ स्क्वेअर एमएमची असू द्या, मॅन्युअल जास्त सांगत असेल तर तेवढी.

थिंबल (केबलच्या टोकाला बसणारी, बोल्टसाठी भोक असलेली टोपी) पक्कडीने दाबून भागत नाही. हायड्रॉलिक पंच भाड्याने मिळतो, नाहीतर पॅनेल बनवणाऱ्याकडून पंच करून घ्या, वर स्लीव्ह चढवा. नुसतं सोल्डरिंग करू नका. गाडीच्या थरथरीने तार सोल्डर संपतं तिथेच तुटते. बोल्टवर थिंबल थेट टर्मिनलला टेकली पाहिजे, वायसर तिच्या वर. स्टीलचा वायसर मध्ये अडकला की सगळा करंट त्याच्यातून जातो आणि जोड तापतो.

फ्यूज पॉझिटिव्हवर, बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात. इन्व्हर्टरजवळ लावलेल्या फ्यूजचा उपयोग नाही, कारण मधे कुठे केबल घासून पत्र्याला लागली तर ती बॅटरी आणि फ्यूज यांच्यामध्येच असणार. फ्यूज इन्व्हर्टर वाचवायला नसतो, केबल वाचवायला असतो. ६० अँपिअरची गरज, २५ स्क्वेअर एमएमची केबल, म्हणून ८० अँपिअरचा एएनएल (बोल्टने आवळायचा पट्टीसारखा फ्यूज) किंवा टर्मिनलवरच बसणारा एमआरबीएफ फ्यूज. घरातला एसी एमसीबी इथे चालणार नाही. डीसीचा आर्क (संपर्क सुटताना पेटत राहणारी ठिणगी) तुटायला अवघड असतो आणि शॉर्ट झाल्यावर लिथियम बॅटरी हजारो अँपिअर फेकू शकते. फ्यूजनंतर १०० अँपिअरचा बॅटरी कट-ऑफ स्विच, हात पोचेल असा. पत्र्यातून केबल जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) घाला.

जोडणीला बसण्याआधी मी बांगड्या, अंगठी, गळ्यातलं सगळं डब्यात काढून ठेवते. पान्ह्याच्या दांड्याला टेप गुंडाळलेली असते. जुनी जोडणी असेल तर निगेटिव्ह आधी सोडा आणि लावताना ती शेवटी लावा. कट-ऑफ आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद ठेवून हे करायचं. इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर रिकामे असतात, पहिल्यांदा करंट मिळाला की मोठी ठिणगी पडते. म्हणून कट-ऑफ चालू करण्याआधी त्याच्या दोन टर्मिनलना इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब तारांनी टेकवा. बल्ब क्षणभर पेटून विझत आला की कपॅसिटर भरले, मग स्विच फिरवा.

२३० व्होल्टच्या बाजूला १.५ स्क्वेअर एमएमची लवचिक वायर आणि एकच ६ अँपिअरचा सॉकेट पुरे. टेस्टर लावलात तर दोन्ही भोकांत मंद पेटेल. छोट्या इन्व्हर्टरमध्ये बहुधा न्यूट्रल अर्थिंगला बांधलेला नसतो, तो बिघाड नव्हे. मॅन्युअल सांगत नसेल तर तुम्ही तो बांधू नका, आणि अशा जोडणीत नुसता आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावला की शॉकपासून बचाव झाला असंही समजू नका. गाडी उभी असताना बाहेरची २३० व्होल्टची लाइन घ्यायची सोय असेल तर दोन्ही तारा बदलणारा चेंजओव्हर स्विच हवाच. इन्व्हर्टरच्या आउटपुटवर बाहेरची लाइन आली तर इन्व्हर्टर जागीच जळतो.

तपासणी घाईत उरकू नका. ४००-५०० वॅटचा लोड दहा मिनिटं चालू ठेवा. मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर एखादी थिंबल किंवा नट सैल आहे. लोड बंद करून प्रत्येक जोडाला हात लावून बघा, गरम लागेल तो उघडून पुन्हा करा.

काम नसेल तेव्हा इन्व्हर्टर बंद ठेवा. रिकामा चालूसुद्धा तो अर्धा-पाऊण अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला पंधरा अँपिअर-तासांच्या घरात. पहिला लांबचा प्रवास झाला की सगळे नट पुन्हा आवळा. गाडी कोकणात किनाऱ्यालगत राहणार असेल तर टर्मिनलवर घट्ट आवळल्यानंतर पेट्रोलियम जेली लावा, आधी नाही, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा हिरवट बुरशीसारखं काही चढलंय का ते बघा.